चवळीचे बियाणे: शेंगेपासून कोंभापर्यंत

स्वतःच्या शेतातली चवळी पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवायची, असे मी ठरवले तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट करून घ्यावी लागली, ती म्हणजे दाणा आणि बियाणे यांतला फरक. खाण्याच्या दाण्यात जीव असला काय आणि नसला काय, काही बिघडत नाही. तो स्वच्छ, भरलेला आणि किडीपासून मुक्त असला म्हणजे पुरे. बियाण्याचे तसे नाही. त्याच्या आतला सूक्ष्म गर्भ जिवंत राहायला हवा आणि शिवाय मातीचा भार उचलून वर येण्याइतके बळ त्याच्याजवळ शिल्लक असायला हवे. या दोन्ही गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. म्हणून निवडीपासून उगवणीपर्यंतचा सगळा प्रवास मी नोंदी ठेवत केला, आणि त्या नोंदींतून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

बियाण्याचे काम कोठीत नव्हे, उभ्या पिकात सुरू होते. चवळीचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. परागीकरण बहुतांशी त्याच फुलातल्या परागांनी, तेही फूल पुरते उमलण्याच्या सुमारास झालेले असते. त्यामुळे वाण शुद्ध राखण्यासाठी मैलोगणती अंतर लागत नाही, दोन वाणांमध्ये काही मीटरांची मोकळी पट्टी पुरते. तरीही मधमाश्या फुलांवर येतातच आणि थोडा संकर होऊ शकतो, म्हणून फुलाचा रंग, पानाचा आकार, वेलाची ठेवण किंवा शेंगेचा रंग वेगळा दिसलेले प्रत्येक झाड मी वेळीच उपटून टाकले. त्याहून महत्त्वाचे होते ते पानांवर हिरवे-पिवळे डाग आणि सुरकुत्या दाखवणारी झाडे काढणे. चवळीवरचे काही मोझॅइक विषाणू बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरतात. तिथे रोगट रोप उगवले की मावा तो रोग शेजारच्या झाडांवर नेतो. असे बी हातात घेऊन पाहिले तर बहुधा निरोगी बियाण्यासारखेच दिसते. पाखडून किंवा चाळून ते वेगळे करता येत नाही, ते फक्त शेतात, पानावरूनच ओळखता येते. या कामात आळस करून चालत नाही, असे मला मनापासून वाटते, कारण याची भरपाई नंतरच्या कोणत्याही टप्प्यावर होत नाही.

काढणीची वेळ ठरवणे मला सगळ्यांत अवघड गेले. चवळी एकाच वेळी पिकत नाही. एकाच वेलावर फुले, कोवळ्या शेंगा, भरत आलेल्या शेंगा आणि वाळून तडकायला आलेल्या शेंगा असे सगळे एकत्र असते. फूल लागल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी, शेंगेचा हिरवा रंग उतरून ती फिकट होऊ लागते तेव्हा, दाणा आपल्या पूर्ण वजनाला आणि बळाला पोहोचतो. त्या क्षणी त्याची प्रत सर्वांत चांगली असते, मात्र ओलावा इतका जास्त असतो की तो तसाच मळता येत नाही. पुढचे काही दिवस तो वेलावरच वाळतो, आणि या दिवसांत आभाळ कोरडे राहिले तर काही हानी होत नाही. पाऊस आला किंवा रोज जड दव पडू लागले, की वाळलेला दाणा पुन्हा फुगतो, पुन्हा आकसतो, त्याच्या सालीवर सुरकुत्या पडतात, शेंगेच्या आत बुरशी शिरते आणि कधी कधी शेंगेतच मोड फुटतो.

माझ्या पिकावर नेमका असाच पाऊस आला. त्याआधी तोडलेल्या शेंगा मी बाजूला वाळवत ठेवल्या होत्या. पावसात भिजून नंतर वेलावरच सुकलेल्या शेंगा मी वेगळ्या तोडल्या, वेगळ्या वाळवल्या आणि वेगळ्या डब्यात भरल्या. दोन्हींच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवल्या. डाग पडलेले, चिमलेले आणि मोडावलेले दाणे निवडून काढल्यावर दोन्ही ढिगांत डोळ्यांना फारसा फरक उरला नाही, आणि म्हणूनच ही वेगळी मांडणी पुढे मोलाची ठरली.

मळणीबद्दल थोडे सांगायला हवे. चवळीच्या दाण्यात गर्भाचे मूळ सालीच्या अगदी खाली, डोळ्याच्या शेजारी वळलेले असते. त्याच्यावर फक्त पातळ सालीचे संरक्षण असते. दाणा फार कोरडा असताना त्यावर जोराचा आघात झाला तर साल तडकते किंवा आतला मूळकोंभ मोडतो, आणि वरून काहीच कळत नाही. म्हणून बियाण्याच्या शेंगा मी गोणीत घालून काठीने हलक्या हाताने झोडपल्या आणि उरलेल्या हातानेच सोलल्या. सालीला इजा झाली आहे का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. मूठभर दाणे काही मिनिटे पाण्यात टाकून ठेवले, तर तडकलेल्या सालीचे दाणे लगेच फुगतात आणि त्यांची साल सैल होऊन सुरकुतते, धड दाणे मात्र तसेच राहतात. ही चाचणी मी थोड्या नमुन्यावर केली आणि तो नमुना अर्थातच पुन्हा बियाण्यात मिसळला नाही.

यानंतर आली वाळवण, आणि या कामाचा गाभा येथेच आहे. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन यांचे दोन ढोबळ नियम प्रसिद्ध आहेत: दाण्यातला ओलावा एका टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसने उतरवले तरीही ते जवळजवळ दुप्पट होते. ओलाव्याचा नियम साधारण ५ ते १४ टक्क्यांच्या मर्यादेतच लागू पडतो, पण आपल्या कामाची सगळी धडपड त्याच मर्यादेत चालते. १३ टक्क्यांचा दाणा ९ टक्क्यांवर आणणे म्हणजे, याच हिशेबाने, त्याचे आयुष्य कित्येक पटींनी वाढवणे. थंड खोली सगळ्यांना परवडत नाही, वाळवण मात्र प्रत्येकाच्या हातात आहे.

मी दाणे पातळ थरात, वारा खेळेल अशा सावलीत पसरले आणि दिवसातून अनेकदा खालवर केले. तापलेल्या फरशीवर किंवा पत्र्यावर ओले बियाणे पसरणे मी कटाक्षाने टाळले, कारण दाण्यात ओलावा भरपूर असताना त्याला ४० अंशांपलीकडची उष्णता मिळाली तर गर्भ दुखावतो. वाळवण पुरेशी झाली का, हे पाहण्यासाठी अनेक जण दाणा दाताखाली धरतात. तो दबला तर ओला आणि कटकन तुटला तर सुका. ही परीक्षा सुरुवातीला ठीक आहे. दुसरी रीत मिठाची: कोरडे मीठ आणि दाणे एका बरणीत हलवून थोडा वेळ ठेवावेत, मीठ बरणीच्या आतल्या बाजूला चिकटले तर ओलावा सुमारे १५ टक्क्यांच्या वर आहे असे समजावे. मात्र मीठ चिकटले नाही याचा अर्थ बियाणे साठवणीयोग्य झाले असा होत नाही, कारण १३ टक्के आणि ९ टक्के यांतला फरक मिठाला कळत नाही. म्हणून शेवटचा अंक मी ओलावामापकावर पाहिला.

येथे एक अडचण येते, तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते. दाणा हवेशी सतत देवाणघेवाण करत असतो. हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के असेल तर चवळी १२ ते १३ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. मग ती आणखी कितीही दिवस पसरून ठेवली तरी उपयोग होत नाही. दमट हवेत मी शेवटची वाळवण बंद बरणीत केली. तळाशी कोरडे सिलिका जेल, त्यावर कापडाच्या पिशवीत दाणे, आणि झाकण घट्ट. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करायचे आणि पुन्हा ठेवायचे. ओलावा ८ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान आल्यावर मी थांबले. त्याहून खाली नेण्यात मला स्वारस्य नव्हते, कारण अतिशय कोरडा दाणा ठिसूळ होतो आणि काही दाण्यांची साल पाणी शिरू देईनाशी होते.

आता भुंगेऱ्याविषयी. चवळी साठवलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो, पण तो कोठून आला याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटस या नावाचा हा कीटक कोठीत जन्मत नाही. तो शेतातच पिकत आलेल्या शेंगांवर अंडी घालतो आणि काढणीबरोबर आत येतो. साठवणीत मादी अंडे थेट दाण्याच्या सालीवर चिकटवते. ते लहान, चपटे आणि पांढरट ठिपक्यासारखे दिसते. अळी अंड्याच्या खालच्या बाजूनेच दाण्यात शिरते, त्यामुळे तिच्या प्रवेशाचे छिद्र दिसत नाही. आत ती बीजदले खात वाढते आणि शेवटी सालीखाली एक गोल खिडकी कोरून ठेवते. ती खिडकी ढकलून प्रौढ भुंगेरा बाहेर येतो तेव्हाच आपल्याला छिद्र दिसते. उबदार हवेत हे चक्र तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. प्रौढाला खाण्याची गरज नसते. त्याचे आयुष्य एक-दोन आठवड्यांचेच, पण तेवढ्यात एक मादी शंभराच्या घरात अंडी घालू शकते. त्यामुळे काढणीच्या वेळी हातावर मोजण्याइतके किडके दाणे असले तरी दोन-तीन पिढ्यांत सबंध डबा पोखरला जातो. छिद्र पडलेला दाणा गर्भ वाचला असेल तर उगवतोही, पण त्याची शिदोरीच खाल्ली गेलेली असल्याने रोप किरटे निघते. असे दाणे मी बियाण्यात ठेवत नाही.

उपाय अनेक आहेत आणि त्यांतला कोणता बियाण्याला मानवतो हे पाहणे गरजेचे आहे. दाण्यांना प्रतिकिलो ५ ते १० मिलिलिटर खाद्यतेल चोळले तर अंडी गुदमरतात. चाळलेली कोरडी राख भरपूर प्रमाणात मिसळली तर दाण्यांमधल्या फटी बुजतात आणि भुंगेऱ्याला हिंडता येत नाही. काळ्या आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये दाणे उन्हात ठेवून ५७ अंशांपर्यंत तासभर तापवले तर दाण्यातल्या अळ्याही मरतात. ही रीत खाण्याच्या चवळीसाठी उत्तम आहे, पण बियाण्यासाठी ती वापरायची तर दाणा आधीच कोरडा हवा आणि तापमानावर नजर हवी. धुरी देण्याच्या विषारी गोळ्या मी घरात आणल्या नाहीत आणि कोणी आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. राहत्या घरात त्यांचा वायू जीवघेणा ठरतो.

मी थोडे बियाणे हवाबंद पाकिटांत भरून उणे १८ अंशांच्या शीतकपाटात काही दिवस ठेवले. दाणे पुरेसे वाळलेले असल्याने त्यांना थंडीची बाधा झाली नाही. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडले नाही, अन्यथा हवेतली वाफ थंड दाण्यांवर जमून सगळी वाळवण वाया गेली असती. मोठा हिस्सा तीन थरांच्या हवाबंद पिशवीत ठेवला. आत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेली गोणी अशी ही रचना १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये, पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून, मुळात चवळीसाठीच विकसित झाली. बंद पिशवीत दाणे आणि कीटक श्वसन करून प्राणवायू संपवतात. भुंगेऱ्याच्या अळीला पाणी बाहेरून मिळत नाही. ती ते अन्नाच्या ज्वलनातून, म्हणजे प्राणवायूच्या साहाय्याने, शरीरातच बनवते. प्राणवायू घटला की तिचे खाणे थांबते आणि शेवटी ती पाण्याअभावी मरते. हे कारण समजल्यापासून पिशवी वारंवार उघडून पाहण्याचा मोह मला होत नाही, कारण प्रत्येक वेळी उघडताना आपण अळीला नवा श्वास देतो. मात्र हवाबंद साठवण कोरड्या बियाण्यासाठीच आहे. ओले बियाणे हवाबंद केले तर ते उघड्या गोणीतल्यापेक्षाही लवकर मरते.

साठवणीच्या जागेविषयी हॅरिंग्टन यांचाच आणखी एक नियम सांगितला जातो: फॅरनहाइटमधले तापमान आणि टक्क्यांतली आर्द्रता यांची बेरीज १००च्या आत असावी. नायजेरियातील इबादान येथे आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेच्या जनुकपेढीत चवळीचे १५,००० हून अधिक नमुने जतन केलेले आहेत, ते याच दोन तत्त्वांवर, कोरडेपणा आणि थंडी. आपल्याला तितकी थंडी साधत नाही, पण छपराखालच्या तापणाऱ्या माळ्याऐवजी जमिनीलगतची सावलीची खोली निवडणे साधते. डब्यांवर वाणाचे नाव, काढणीची तारीख आणि भरतानाचा ओलावा लिहिला, एवढेच.

पेरणीच्या काही आठवडे आधी मी उगवण चाचणी घेतली. आंतरराष्ट्रीय बियाणे चाचणी संघटनेच्या पद्धतीनुसार ४०० दाणे शंभराच्या गटांनी ओल्या कागदाच्या घड्यांत किंवा वाळूत ठेवतात, तापमान २५ अंश किंवा २० ते ३० अंशांचे आलटून पालटून राखतात, पहिली मोजणी पाचव्या दिवशी आणि शेवटची आठव्या दिवशी करतात. घरी दाणे थोडे घेतले तरी चालतात, पण ते न निवडता घ्यावेत आणि एकाहून अधिक गटांत ठेवावेत. गटागटांत मोठी तफावत आली तर ती चाचणी पुन्हा करावी. कागद ओला असावा, ठिबकता नसावा. बोटाने दाबल्यावर भोवती पाण्याची कड उमटली तर पाणी जास्त झाले.

मोजणीत सगळ्यांत जास्त गफलत होते ती मोड आला म्हणजे उगवण झाली असे समजण्यात. मोड येणे ही केवळ सुरुवात आहे. ज्या रोपाचे मुख्य मूळ सरळ आणि धड आहे, खोडाचा भाग अखंड आहे, दोन बीजदलांमधला शेंड्याचा कोंभ शाबूत आहे, तेच सामान्य रोप म्हणून मोजायचे. मूळ खुंटलेले, खोड चिरलेले, बीजदले कुजत आलेली किंवा शेंडाच नसलेली रोपे असामान्य धरायची, मग त्यांना कितीही लांब मोड आलेला असो. मऊ पडून कुजलेले दाणे मेलेले. आणि शेवटपर्यंत पाणी न पिता टणक राहिलेले दाणे वेगळे मोजायचे. ते मेलेले नसतात, त्यांची साल पाण्याला वाट देत नाही इतकेच. अशा दाण्याच्या सालीला डोळ्याच्या विरुद्ध बाजूला किंचित टोचा दिला तर तो दोन-तीन दिवसांत उगवतो.

आता त्या दोन डब्यांकडे येते. पावसाआधी तोडलेल्या डब्यातली सामान्य रोपे शंभरात नव्वदीच्या पुढे भरली. भिजलेल्या शेंगांच्या डब्यातली त्याहून थोडी कमी होती, पण चिंता वाटावी इतकी नाही. केवळ आठव्या दिवसाचा आकडा पाहिला असता तर मी दोन्ही डबे सारखेच समजून पेरले असते. पाचव्या दिवसाच्या मोजणीने मात्र मला थांबवले: पहिल्या डब्याची जवळपास सगळी रोपे तोवर उभी होती, दुसऱ्याची बरीच मागे रेंगाळत होती. म्हणून दोन्हींची वाळूत चार-पाच सेंटिमीटर खोलीवर वेगळी चाचणी घेतली. तेथे दुसऱ्या डब्याचा आकडा चांगलाच खाली आला. कागदाच्या घडीत दाण्याला वर ओझे नसते, बुरशी कमी असते, पाणी आणि ऊब मोजून मिळते. मातीत यांतले काहीच मिळत नाही. उगवणशक्ती आणि जोम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जोम आधी उतरतो, उगवणशक्ती नंतर. प्रयोगशाळांत हा जोम तपासण्यासाठी दाण्यांना ४१ अंश तापमानात आणि जवळजवळ संपृक्त आर्द्रतेत ७२ तास ठेवून मग उगवण पाहतात, किंवा दाणे भिजवलेल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात; थकलेल्या दाण्याच्या पेशींचे पडदे सैल झालेले असल्याने त्यातून क्षार अधिक झिरपतात. दोन्ही डबे सारखेच वाळवलेले, सारखेच बंद केलेले, एकाच खोलीत ठेवलेले होते. वेलावरच्या त्या पावसाळी दिवसांत जे गेले, ते चांगल्या साठवणीने परत आणले नाही.

पेरणीपूर्वी एक काम करावे लागते, त्याविषयी फार कमी बोलले जाते. ८ टक्क्यांपर्यंत वाळवलेला दाणा थेट थंड, ओल्या जमिनीत पडला, तर पाणी इतक्या वेगाने आत घुसते की पेशींचे पडदे सावरण्याआधीच फाटतात. फिकट, पातळ सालीच्या वाणांत हा धोका अधिक, गडद सालीच्या वाणांत कमी. माती १८-१९ अंशांच्या खाली असेल तर हानी आणखी वाढते. कॅलिफोर्नियात अँथनी हॉल आणि अब्देलबागी इस्माईल यांनी चवळीच्या दाण्यातले डिहायड्रिन नावाचे प्रथिन आणि थंड मातीतून उगवून येण्याची क्षमता यांचा संबंध दाखवला आहे. म्हणून मी पेरणीच्या आधी काही दिवस बियाणे उघड्या परडीत, हवेत ठेवून त्याला सावकाश १२ टक्क्यांच्या आसपास येऊ दिले. रात्रभर पाण्यात भिजत घालणे टाळले, कारण बुडालेल्या दाण्याला प्राणवायू मिळत नाही. माती उबदार आणि वाफशावर येईपर्यंत वाट पाहिली, आणि मगच तीन ते चार सेंटिमीटर खोलीवर दाणे टाकले.

चवळीची बीजदले जमिनीवर येतात. खोड आधी वाकलेल्या आकड्याच्या रूपात माती फोडते आणि मग सरळ होत बीजदलांना वर ओढते. म्हणून पेरणीनंतर पावसाने वरचा थर कडक झाला तर कमजोर रोपांची मान तेथेच मोडते. माझ्याकडे थर हलकासा धरला होता, तो मी दातेरी अवजाराने फोडला. पहिल्या डब्याच्या ओळी एकसारख्या आल्या. दुसऱ्या डब्याचे थोडे बियाणे मी मुद्दाम बाजूच्या ओळीत पेरले होते. तेथे खाडे पडले, आणि जी रोपे आली त्यांच्या पहिल्या साध्या पानांची जोडी लहान आणि उशिरा उलगडलेली होती. बियाण्याचे प्रमाण ठरवताना मी यापुढे कागदावरच्या टक्केवारीऐवजी वाळूतल्या उगवणीने भागणार आहे. दुसऱ्या डब्यातली उरलेली चवळी बियाणे म्हणून बाद करून खाण्यासाठी वळती केली. पहिल्या डब्यातली शिल्लक ओलावा पुन्हा ९ टक्क्यांच्या आत आणून, नव्या तारखेची चिठ्ठी लावून बंद केली आहे, आणि पुढच्या पेरणीआधी तिची वाळूतली चाचणी पुन्हा होईल.